पुस्तकं सगळ्यात शेवटी: निर्वासित मुलांपर्यंत वाचन आणि कला नेताना

घरात पडून असलेली गोष्टींची पुस्तकं निर्वासित मुलांसाठी द्या, असं एकदा जाहीर केलं की आठवड्याभरात एक खोली भरते. मग खोकी उघडायला बसायचं. अर्धी सोडवलेली शब्दकोडी, विश्वकोशाचा सुटा तिसरा खंड, केव्हाच बंद पडलेल्या संगणकप्रणालीचं गाईड, ओल लागून फुगलेली चित्रं, आणि पहिल्याच पानावर 'पाचव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा'. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातलं फार थोडं त्या मुलांच्या भाषेत असतं आणि त्याहून थोडं त्यांच्या वयाचं. मी पहिल्यांदा हे काम अंगावर घेतलं तेव्हा सुरुवात अशा आवाहनानेच केली होती. पुढचे कित्येक महिने खोक्यांना जागा शोधण्यात गेले आणि मुलांना भेटायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून मी क्रम उलटा धरते. आधी तिथलं माणूस, मग भाषा, आणि पुस्तकं सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं साधारण याच क्रमाने आहे.

तिथे आधीपासून कोण आहे?

निर्वासित म्हटलं की तंबूंच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात जगातले निम्म्याहून अधिक निर्वासित शहरांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. दोन्हीकडे शिरायची वाट वेगळी. छावणीत पाऊल ठेवायला यजमान देशाच्या सरकारी खात्याची परवानगी लागते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या संस्था तिथे बहुधा मुलांसाठी एखादी सुरक्षित जागा आधीच चालवत असतात. नवं केंद्र उघडायच्या फंदात न पडता त्यांच्याच वेळापत्रकातला एक ठरावीक तास मागा. शहरात शाळा, सार्वजनिक वाचनालय किंवा त्या समाजाने स्वतःच उभं केलेलं मंडळ शोधा. असं मंडळ बहुतेक ठिकाणी असतंच, फक्त त्याची पाटी नसते.

परवानगीच्या अर्जात 'मुलांचं मनोरंजन' असं लिहू नका. तो कागद ढिगाच्या तळाशी जातो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क कराराच्या कलम ३१ मध्ये विश्रांती, खेळ आणि कला व सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा मुलाचा हक्क मानला आहे. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला आहे, तेव्हा कलमाचा उल्लेख सरळ करा. जोडीला एक आकडाही द्या. यूएनएचसीआरच्या हिशेबाने २०२४ अखेरीस जगभरात सुमारे १२ कोटी ३० लाख लोक बळजबरीने घर सोडून गेलेले होते आणि त्यांत सुमारे ४० टक्के मुलं होती. जगाच्या एकूण लोकसंख्येत मुलांचं प्रमाण यापेक्षा बरंच कमी, ३० टक्क्यांच्या आतबाहेर आहे.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जा. मुलं कोणत्या वयाची, घरी कोणती भाषा बोलतात, शाळा असेल तर कोणत्या वेळी भरते, मुलींना कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत यायला मोकळीक आहे, जागेला उजेड आणि पिण्याचं पाणी आहे का, एवढं विचारा आणि लिहून घ्या. मुलींबद्दलचा प्रश्न आयांना विचारा, व्यवस्थापकाला विचारू नका. मी एकदा व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून संध्याकाळची वेळ ठरवली होती. पहिल्या दिवशी सगळे मुलगेच आले, कारण परतीच्या वाटेवर दिवा नव्हता.

या भेटीतून हाती लागायला हवीत ती दोन माणसं: त्याच समाजातली, वाचू शकणारी, मुलांना ओरडून गप्प न करणारी. पूर्वी शिक्षक असलेलं कुणी, एखादी आजी, सतरा-अठरा वर्षांची मुलगी, कुणीही चालेल. नियम आड येत नसतील तर त्यांना मानधन द्या. पैसे मोजकेच असतील तर पुस्तकांची संख्या कमी करा, पण या दोघांचं मानधन कापू नका. तुम्ही आज ना उद्या जाणार आहात, ती दोघं राहणार आहेत.

सुरक्षिततेच्या अटी

मुलांशी काम करणाऱ्या प्रत्येकाने आचारसंहितेवर सही करायची, मग तो कितीही जवळचा मित्र असो. कोणत्याही वेळी खोलीत दोन मोठी माणसं हवीतच. मुलाबरोबर बंद दाराआड एकट्याने थांबायचं नाही. एकाच मुलाला वेगळी भेटवस्तू द्यायची नाही.

फोटोंचा मोह सगळ्यांना होतो. मूल हातात पुस्तक धरून हसतंय, देणगीदारांना हेच हवं असतं. पण त्या कुटुंबाचा आश्रयाचा अर्ज अजून चालू असू शकतो आणि ज्यांच्यापासून ते पळाले ते लोकही इंटरनेट वापरतात. चेहरा नको, नाव नको, मागे जागेची पाटी नको. रंगाने माखलेले हात किंवा तयार झालेली चित्रं एवढंच टिपा, तेही मूल आणि पालक दोघांना विचारून.

एखादं मूल अचानक काहीतरी भयंकर सांगून टाकतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ सालची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका अशा वेळी तीनच गोष्टी करायला सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि त्याच दिवशी तिथल्या बालसंरक्षण कार्यकर्त्याच्या कानावर घाला. त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर पहिल्या सत्राआधीच खिशात असला पाहिजे. तो मिळेपर्यंत सत्र सुरू करू नये, असं माझं मत आहे.

कोणती भाषा, कोणती लिपी

'ते कुर्दी बोलतात' एवढ्यावर पुस्तकं मागवलीत तर फसाल. तुर्कस्तान आणि सीरियाकडची कुर्मांजी लॅटिन लिपीत लिहितात, इराक-इराणमधली सोरानी अरबी-फारसी वळणाच्या लिपीत. अफगाणिस्तानातून आलेल्या मुलाची भाषा दारी असेल तर इराणमध्ये छापलेलं फारसी पुस्तक त्याला वाचता येईल. पश्तो असेल तर लिपी ओळखीची आणि भाषा परकी. एरिट्रियाची तिग्रिन्या गीझ लिपीत लिहितात. रोहिंग्या तर आजही मुख्यतः तोंडी चालणारी भाषा आहे. तिच्यासाठीची हनिफी लिपी १९८०च्या दशकात घडवली गेली. म्हणजे तिथे छापील पुस्तकापेक्षा गोष्ट सांगणारा माणूस जास्त कामाचा. युक्रेनमधल्या मुलांसाठी रशियन पुस्तकं जमवणारेही भेटतात. बऱ्याच मुलांना ती वाचता येतात, पण ती हातात घ्यायची की नाही हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

पालकांना बहुधा दोन्ही हवं असतं: मूल आपली भाषा विसरू नये आणि यजमान देशाची लवकर शिकावं. म्हणून द्विभाषिक पुस्तकं आणि चित्रकोश यांना तोड नाही. माझ्या पुस्तकांच्या पेटीत सगळ्यात आधी फाटतो तो चित्रकोश.

दुर्मीळ भाषेतली पुस्तकं दानात येत नाहीत, ती छापून घ्यावी लागतात. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आणि आफ्रिकेतल्या भाषांसाठी 'आफ्रिकन स्टोरीबुक' या दोन्ही संकेतस्थळांवर खुल्या परवान्याखाली मुलांच्या गोष्टी मिळतात. श्रेयाचं पान तसंच ठेवून त्या छापता येतात, वाटता येतात. ए-फोर कागद मधोमध दुमडून ए-फाईव्ह आकाराची पुस्तिका करा, घडीवर दोन पिना मारा, मुखपृष्ठाला जाड कागद लावा. छापण्याआधी मात्र त्या दोन माणसांपैकी एकाकडून पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून घ्या. अनुवाद कुठे अडखळतो ते कानाला लगेच कळतं, आणि एखादा शब्द त्यांच्या बोलीत भलताच निघाला तर तोही तिथेच सापडतो.

शब्द नसलेलं पुस्तक

भाषा जुळतच नसेल, किंवा एका खोलीत पाच भाषा असतील, तर शब्दांशिवायची चित्रपुस्तकं घ्या. भाषा वेगळी असली तरी पुस्तकांनी मुलं जोडायची, हा विचार जुना आहे. नाझी राजवटीत जर्मनी सोडावा लागलेल्या येला लेपमान १९४५ मध्ये परत आल्या आणि पुढच्याच वर्षी, देशोदेशी पत्रं पाठवून मागवलेल्या बालपुस्तकांचं प्रदर्शन त्यांनी म्युनिकमध्ये भरवलं. १९५३ मध्ये त्यांनी आयबीबीवाय ही बालपुस्तकांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्याच संस्थेने २०१२ मध्ये इटलीच्या लाम्पेदूसा बेटासाठी जगभरातून शब्दविरहित पुस्तकं जमवायला सुरुवात केली. आफ्रिकेतून समुद्रमार्गे येणारी माणसं या बेटावर उतरतात. त्यांची मुलं आणि बेटावरची मुलं यांना एकच पुस्तक एकत्र पाहता यावं, ही त्यामागची कल्पना.

पण 'शब्द नाहीत म्हणजे सगळ्यांना सारखंच कळणार' हेही खरं नाही. एकदा मी असंच एक पुस्तक घेऊन बसले होते: अंडं, मग पिल्लू, मग पंख, शेवटी आभाळात गेलेला पक्षी. समोरच्या मुलीला उजवीकडून डावीकडे वाचायची सवय. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि माझ्या दृष्टीने मागच्या बाजूने उघडलं. तिच्या गोष्टीत लांबून उडत आलेला पक्षी झाडावर उतरला, मग त्याचे पंख गेले, मग तो लहान लहान होत अंड्यात शिरला. शेवटच्या चित्रावर बोट ठेवून ती जे म्हणाली ते दुभाष्याने मला सांगितलं: "आणि त्याने दार लावून घेतलं." मी तिला 'सरळ' क्रम सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बाकीच्या मुलांनी पुढे काय झालं म्हणून तिच्यामागे भुणभुण सुरू केली. मी गप्प बसले. तेव्हापासून असं पुस्तक मी आधी मुलांच्या हातात देते आणि ती कुठून उघडतात ते पाहते.

आता पुस्तकं

आवाहन करायचंच असेल तर यादी देऊन करा: अमुक भाषा, अमुक वय, इतक्याच प्रती, अमुक तारखेपर्यंत. 'जे असेल ते द्या' म्हणालात की पुन्हा ती खोली आहेच. त्याहून बरं, पैसे गोळा करून पुस्तकं मुलं असतील त्याच देशात विकत घ्यावीत. वाहतूक वाचते आणि तिथल्या प्रकाशकालाही चार पैसे मिळतात.

आलेल्या ढिगातून निवडताना माझी कसोटी सोपी असते: हे पुस्तक मी ओळखीच्या मुलाला वाढदिवसाला देईन का? नाही म्हटलं की बाद. बुरशीचा वास असलेलं पुस्तक तर पेटीतली बाकीचीही खराब करतं. धर्मप्रसाराची पुस्तकं घेऊ नका. नकाशांची पुस्तकं नीट बघून घ्या. ज्या रेषेपायी घर गेलं ती रेषा कुणी कशी छापली आहे, यावरून खोलीत भांडण पेटू शकतं. युद्धातल्या शौर्याच्या गोष्टी मी बाजूला ठेवते. दुःखाच्या गोष्टी मात्र सरसकट काढत नाही. हरवलेला कुत्रा सापडतो, रुसलेली मैत्रीण परत येते, एवढं दुःख मुलांना हवं असतं, आणि नुसत्या फुलपाखरांचा कंटाळा त्यांनाही येतो.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सगळे विसरतात. दानात त्यांच्यासाठी काहीच नसतं आणि चित्रपुस्तक पाहताना त्यांना लाज वाटते. त्यांना फुटबॉल, यंत्रांची दुरुस्ती, कविता, विनोदी चित्रकथा द्या, आणि लहानांना वाचून दाखवायची जबाबदारी द्या. धाकट्यांसाठी म्हणून ती चित्रपुस्तकं बिनदिक्कत हातात घेतात.

तीस मुलांच्या गटाला सुरुवातीला साठ-सत्तर पुस्तकं पुरेत. त्यातल्या चार-पाच पुस्तकांच्या सहा-सहा प्रती ठेवा, म्हणजे सगळ्यांना एकदम एकच गोष्ट पाहता येते. खोकी लहान घ्या. पंधरा किलोंच्या वर गेलेलं खोकं उचलणारा शिव्या देतो आणि ते खालूनच फाटतं. आत प्लास्टिकची पिशवी, वर यादी.

परदेशी पाठवायचं असेल तर खोकं तिथल्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे जाऊ द्या. छापील पुस्तकं सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४९०१ खाली येतात, मुलांची चित्रांची आणि रंगवायची पुस्तकं ४९०३ खाली. युनेस्कोच्या १९५० सालच्या फ्लॉरेन्स कराराने सही करणाऱ्या देशांत पुस्तकांवरचं आयातशुल्क काढलेलं आहे, पण कागदपत्रं तरीही लागतात आणि 'दान' लिहिलं तरी किंमत लिहावीच लागते. खडू-कात्र्या पुस्तकांच्या खोक्यात घालू नका. त्यांचा वर्ग वेगळा, आणि एका कात्रीपायी सगळं खोकं अडकून पडतं.

तासाचा आराखडा

दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तोच क्रम. ज्या मुलाचं सगळंच रातोरात बदललं त्याला 'यानंतर काय' हे आधी ठाऊक असणं फार मोठं असतं. माझा दीड तास साधारण असा जातो: मुलांनीच निवडलेल्या एखाद्या गाण्याने सुरुवात, दहा-बारा मिनिटं वाचन, पाऊण तास हाताचं काम, मग ज्याला जे हवं ते पुस्तक चाळायला मोकळा वेळ, आणि शेवटी पुन्हा तेच गाणं. वाचताना गोल करून बसा, दार सगळ्यांना दिसेल असं. दाराशी बसणारं एक मूल प्रत्येक गटात असतं. त्याला आत ओढू नका. ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात आपणच सरकत येतं.

काही गोष्टी टाळायच्या त्या अनुभवातून कळतात. फुगे नकोत, ते फुटतात. शाईत अंगठा बुडवून ठसे उमटवण्याचा खेळ निरुपद्रवी वाटतो, पण नोंदणीच्या रांगेत बोटांचे ठसे देऊन आलेल्या मुलाला तो खेळ वाटत नाही. कडधान्य चिकटवून चित्रं किंवा कणकेची खेळणी करू नका. जिथे शिधा मोजून मिळतो तिथे अन्नाला गोंद लावलेला पाहून आया काहीच बोलत नाहीत, पण पुढच्या वेळी मुलं पाठवत नाहीत. 'आपलं घर काढा', 'आपलं कुटुंब काढा' हे विषयही देऊ नका. मुलाला काढायचं असेल तेव्हा ते आपणहून काढतं.

आणि काढलं तर? विमानं, आग, काळं रंगवलेलं पान समोर आलं की आपल्यातला हौशी मानसशास्त्रज्ञ जागा होतो. त्याला बसवा. 'याबद्दल सांगशील?' एवढंच विचारा. मान हलली नाही तर 'बरं' म्हणून पुढे जा. असं चित्र भिंतीवर लावू नका, देणगीदारांना तर दाखवूच नका.

चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालावं, हा आग्रह मी फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांच्याकडून घेतला. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझीनच्या नाझी बंदिवासात त्या मुलांना चित्रकला शिकवत आणि प्रत्येक चित्रावर नाव लिहायला लावत. १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं आणि तिथे त्यांचा जीव घेतला. तेरेझीनमध्ये राहिलेल्या दोन सुटकेसांत सुमारे ४,५०० चित्रं होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत, नावांसकट.

सामानाचं थोडक्यात: मेणाचे खडू घ्या, स्केचपेनं दोन आठवड्यांत सुकतात. बोथट टोकाच्या कात्र्या आणि शार्पनर मोजून द्या, मोजून परत घ्या. तीन वर्षांखालची भावंडं सोबत येतातच, तेव्हा मणी-बटणं ठेवू नका. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला स्वतःचे सहा खडू द्या. वाटून घ्यायला शिकवण्याची ही वेळ नाही. ज्यांच्याकडचं सगळं गेलंय त्यांना आधी काहीतरी आपलं म्हणून धरू द्या.

एका कागदाचं पुस्तक

हातखंडा कृती ही. एक ए-फोर कागद, एकदाच कात्री, आणि आठ पानांचं पुस्तक तयार.

कागदाच्या आखूड कडा एकमेकींवर आणून घडी घाला. दर वेळी आखूड कडाच जुळवत आणखी दोनदा निम्मी घडी घाला आणि पूर्ण उलगडा. कागदावर आठ चौकटी दिसतील. आता पुन्हा पहिली घडी घाला. दुमडलेल्या कडेच्या मधून जी आडवी रेघ जाते तिच्यावरून कात्री चालवा, पण पुढच्या रेघेच्या छेदापर्यंतच, म्हणजे एका चौकटीपुरती. मुलं हमखास इथेच पुढे जातात, म्हणून थांबायच्या जागी आधी टिंब काढून द्या. कागद उघडा, मधोमध चीर पडलेली असेल. आता लांब कडा एकमेकींवर आणून दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. चीर फाकून आधी चोच उघडल्यासारखी दिसते, मग अधिकचं चिन्ह होतं, आणि पानं एका बाजूला वळवली की पुस्तक बंद. या चोचीपाशी दर वेळी खोलीत आवाज होतो.

मजकूर कोणत्याही भाषेत, कोणत्याही बाजूने. लिहिता न येणाऱ्याची गोष्ट मोठ्या मुलाने लिहून घ्यायची, शब्द न बदलता.

पेटी आणि नोंदवही

पुस्तकं घरी न्यायला द्या. वाचनालय कुलपात ठेवून काही उपयोग नाही. नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक, मुलाचं पहिलं नाव, तारीख, बस. दंड नाही. कुटुंबं एका रात्रीत दुसरीकडे हलवली जातात आणि पुस्तक सोबत जातं. नोंदवहीत त्यापुढे 'प्रवासात' लिहा आणि पुढच्या वर्षीच्या खर्चात तेवढ्या प्रती धरा.

तुमचं थांबणं ठरलं की किमान तीन आठवडे आधी मुलांना तारीख सांगा, आणि दर वेळी आठवण करून द्या. न सांगता गायब झालेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिलीत. शेवटच्या दोन सत्रांत तुम्ही मागे बसा, वाचन त्या दोघांना करू द्या. पेटीची किल्ली आणि नोंदवही त्यांच्याच हाती द्या, संस्थेच्या कार्यालयात नको.

आणि मुलांनी केलेली ती आठ पानी पुस्तकं? ज्याला घरी न्यायचं त्याने न्यावं. जी पेटीत राहतील त्यांच्या पाठीवर बाकीच्यांसारखाच पुढचा क्रमांक घाला, नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात मुलाचं नाव लिहा, आणि लोकांना न्यायला द्या.